नरवंध्य ओळ

"केवळाबाई, थांबा! या ओळीत चिमटायचं नाही," बियाणं कंपनीचे बन्सीधर साहेब बांधावरून ओरडले.

केवळाबाईचा हात कळीवरच थांबला. पिंगळीच्या त्या कापसाच्या रानात बाया दुपारी एका जातीच्या कळ्यांतला नर भाग चिमटून काढत आणि पुढच्या सकाळी दुसऱ्या जातीचं पिवळं, म्हणजे पराग, तिथं घासत. त्यातून संकरित बी तयार होई. पण आज ही ओळ नवीनच!

"ही नरवंध्य जात आहे. हिचे पराग जन्मापासूनच निकामी. काढायचं काय?"

"म्हंजी वांझ म्हना की!" सुगंधाबाई खिदळली आणि लगेच जीभ चावली. केवळाबाईला सगळं गाव तेच म्हणत होतं.

"वांझ कशी? मादी भाग चांगला आहे. दुसऱ्या झाडाचे पराग घासा, बोंडं लगडतील. उणीव फक्त नरात."

केवळाबाईनं एका उमललेल्या फुलात बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. फूल मात्र कसं टवटवीत, कुणाला शंकाही येऊ नये असं!

तिला आपला नवरा, भुजंग, आठवला. तोही असाच धडधाकट. तिला मूल होईना म्हणून त्यानं वालूरची कस्तुरा दुसरी करून आणली. तिचीही कूस उजवेना, म्हणून आज तो तिला कायमची माहेरी सोडायला निघाला होता. तिसरीची बोलणीसुद्धा चालली होती.

काम तसंच टाकून केवळाबाई घराकडं पळत सुटली.

भुजंग दारात चपला घालत होता. कस्तुरा गाठोडं घेऊन उभी.

"अवं, तिला नका सोडू. ती वांझ न्हाई. मी बी न्हाई," केवळाबाई धापा टाकत म्हणाली. "तुमी… तुमी नरवंध्य हाव."

"काय हाय मी?"

"काय बडबडायलीस गं?" सासू, पार्वतीबाई, आतून म्हणाली.

केवळाबाई घरच्या बोलीतला शब्द शोधू लागली. बाईसाठी होता, शेंबड्या पोरालाही येई. बाप्यासाठी शिव्या होत्या, पण त्या वेगळ्याच गोष्टीच्या. हा शब्द कुठंच नव्हता.

"दवाखान्यात चला. एकदा तुमची तपासनी करू."

भुजंग हसला. "कापसात जाऊन लय शानी झालीस. बैलावानी गडी हाय मी! चल गं कस्तुरे, वालूरची गाडी जाईल."

"जाते, अक्का."

"थांब."

केवळाबाई आत जाऊन सुपात ओंजळभर गहू घेऊन आली.

"आगं, वांझंनं वांझंची ओटी भरायची?" सासू कडाडली.

केवळाबाईनं सूप उंबऱ्यावर ठेवलं. वांझ ठरल्यापासून त्या दोघींची ओटी कुणीच भरली नव्हती. कस्तुराला पदर नीट पसरताही येईना. केवळाबाईनंच तो तिच्या हातात दिला आणि गहू ओटीत घातले.

भुजंग पुढं निघाला. मागं कस्तुरा, दोन्ही हातांनी पदर आवळून, एकही दाणा सांडू न देता, हळूहळू चालत गेली.

गाठोडं दारातच राहिलं.