चौथं चाक

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकट्याने करतो म्हणणारा शुद्ध थापाड्या. एकाने गाडीत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन चाकामागचा स्क्रू सैल करायचा, की तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. नळीत हवा राहिली, तर ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

मिस्त्रीच्या गॅरेजात तीस वर्षं पेडलवर त्याचा धाकटा भाऊ असायचा. मागच्या वर्षी गॅरेजातल्याच एका गाडीतून जाताना उतारावर अपघात होऊन तो गेला. जुनाट गाडी, ब्रेकने दगा दिला, असं सगळे म्हणाले. मिस्त्रीने तोंड उघडलं नाही.

आज भर दुपारी, अपघातानंतर दुरुस्त केलेल्या त्याच गाडीखाली तो एकटाच पडला होता. सवयीने तोंडून निघून गेलं, "दाब रे."

वर पेडल करकरलं. नळीतून तेल आलं.

त्याचे हात थांबले नाहीत. एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरंही झालं. मग तो धडपडत बाहेर आला. सीट रिकामी होती आणि पेडल तळाला टेकलेलं होतं.

"झालं, सोड आता."

पेडल हललं नाही.

"सोड की रे!" तो खेकसला. भाऊ गेला त्या दिवशीही तिसऱ्या चाकानंतर तो असाच खेकसला होता, "चौथं उद्या बघू, जा तू गाडी घेऊन."

मिस्त्री पुन्हा खाली शिरला. चौथ्या चाकाचा स्क्रू फिरवताच बुडबुडे यायला लागले, येतच राहिले. ते थांबले, तेव्हा कुठे वरचं पेडल हळूच सुटलं.