समुद्राला नाही म्हणणारी

“ताई, चाकाला हात लावलास तर माझी शपथ आहे!” धाकटा भाऊ बांधावरून धापा टाकत येत होता. सुतार माणूस, भुसा अगदी भुवयांवरसुद्धा.

“तुझ्या शपथा मी लहानपणापासून मोडत आलेय,” ती म्हणाली आणि चाकाला तेल घालत राहिली.

हे चाक फिरलं की बांधातलं लोखंडी दार वरखाली होई. दाराच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला बाबांचं शेत आणि शेतामागे गाव: दगडी घरं, उतरती छपरं, घंटेचा जुना मनोरा. भरती आली की दार पाडायचं, ओसरली की उचलायचं. आजोबांनी केलं, बाबांनी केलं, मग तिने. पण त्यांच्या घरात कुणी ‘दार पाडते’ असं म्हणतच नसे. “समुद्राला नाही म्हणून येते,” म्हणायचं आणि दूध चुलीवर सोडून पळायचं.

या बोलण्यापायी तिचं लग्न मोडलं होतं! पाहुणे मागणी घालायला आले, ही बांधावर. “मुलगी कुठाय?” त्यांनी विचारलं. “नाही म्हणायला गेलीय,” शेंबड्या भावाने सांगून टाकलं. पाहुण्यांनी मुकाट्याने चहा संपवला आणि चपला घातल्या. पुढे तिलाही त्याचं फारसं काही वाटलं नाही. रोज दोनदा दारात येणारा, नकार ऐकून निमूट परत जाणारा असा दुसरा कोण मिळणार होता?

पण अलीकडे समुद्र ऐकेनासा झाला होता. बांध उंच केला, तरी वरून उडी मारून गल्लीत गुडघाभर उभा राही. मनोऱ्याच्या पायाचे दगड मिठाने, उंदराने कुरतडावेत तसे, कुरतडले होते. शेवटी सगळं गाव बसलं आणि ठरलं: शेत समुद्राला द्यायचं. पाण्याला बसायला जागा मिळेल, लव्हाळी माजतील, लाटा तिथेच दमतील, गाव वाचेल. पहिला हात तिचाच वर गेला होता.

“बाबांनी या मातीतलं मीठ धुण्यात उभा जन्म घातला,” भाऊ म्हणाला. “आणि तू आयतं ताट वाढतेस?”

“पाहुणा माजघरात घुसायला लागला ना, की त्याला अंगणात सतरंजी घालावी.”

“आणि उद्या अंगण पुरलं नाही तर?”

तिने तेलाची बुधली खाली ठेवली.

“तर होडी बनव. सुतार कशाला झालास?”

तो हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. त्याने चाकाला हात घातला. “मग दोघं मिळून फिरवू.”

“नको रे. आजवर ‘नाही’ मी म्हटलं. ‘ये’ पण मीच म्हणणार.”

चाक कुरकुरलं. दार पाण्यातून वर आलं, शेवाळाचे केस निथळत. “ये,” ती इतकं हळू म्हणाली, की भावालाही ते ऐकू आलं नाही.

इतके नकार पचवलेला समुद्र आधी बिचकला. मग एक चकचकीत जीभ आत आली, मातीची चव घेत थबकली, पुन्हा सरकली. कोबी काढून रिकाम्या झालेल्या सऱ्या एकेक करून भरू लागल्या, आणि प्रत्येक सरीत आभाळाची एक पट्टी उजळत गेली. ढग रांगेने शेतात उतरले. कुठेच काही आवाज नाही. स्वप्नात पाणी चालतं, तसं ते चालत होतं.

“बाबा असते तर?” भाऊ पुटपुटला.

“ओरडले असते. आणि किती आत आलंय ते बघायला स्वतःच उतरले असते.”

तिने साडी पोटरीपर्यंत खोचली आणि शेतात उतरली. उन्हाने तापलेल्या मातीवरून आलेलं पाणी कोमट होतं. चार पावलं गेली. पाचवं उचललं, तेवढ्यात सरीतून बोटाएवढा एक मासा आला आणि बरोबर तिथेच, मातीला तोंड लावून थांबला.

तिने पाऊल अधांतरीच धरलं. त्याचं चाखून होईपर्यंत ती तशीच एका पायावर उभी राहिली.