बटणांचा प्रवेश

"थांब, थांब! असं झटक्यात बटण लावून मोकळा काय होतोस? अरे, तुझा उजवा हात गेलाय!" दिग्दर्शक खुर्चीतून उठून ओरडला.

रंगमंचावरच्या हिरोने उजवा हात लुळा सोडला, डाव्या हाताने शर्टाचं बटण चिमटीत धरलं आणि चेहरा असा केला, की बघणाऱ्याला वाटावं याची दाढ दुखतेय.

"दुःख कमी पडतंय," दिग्दर्शक म्हणाला. तो तरुण होता, नाटक त्यानेच लिहिलं होतं, आणि नायक म्हणजे काय हे त्याने तालमीला येणाऱ्या सगळ्यांना, अगदी चहा आणून देणाऱ्यालासुद्धा, एकदा तरी समजावून सांगितलं होतं. आता पुन्हा सुरुवात झाली. "नायक कोण? ज्याच्यावर लेखक एकामागून एक संकटं घालतो आणि जो तोंडातून ब्र न काढता उठून उभा राहतो. सोसतो, पण थांबत नाही. लोकांना तेच बघायचं असतं. कारखान्यात याचा हात गेला, याला घरी बसवलं, तरी हा रोज सकाळी एका हाताने शर्ट घालून काम शोधायला निघतो. ही बटणं म्हणजे आपलं अख्खं नाटक आहे!"

"ते कळलं हो, पण लागतच नाहीत त्याला मी काय करू?" हिरो वैतागला. "एक लागेपर्यंत प्रेक्षक घरी जाऊन जेवून येतील."

सगळे हसले. विंगेत स्टुलावर बसून कोटाचं अस्तर टाचणाऱ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. मावशी म्हणजे मंडळीचा कपडेपट सांभाळणाऱ्या. राजाच्या झग्यापासून भिकाऱ्याच्या चिंध्यांपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. त्यांना हसू येईना, कारण ती बटणं त्यांच्या घरातली होती.

झालं होतं ते असं. एकदा चहाच्या वेळी दिग्दर्शकाने सहज विचारलं, "काका कसे आहेत?" काका म्हणजे मावशींचे यजमान. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले, आणि निवृत्तीच्या तोंडावर अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला. "त्यांचं काय, रोज सकाळी बटणांशी कुस्ती," मावशी म्हणाल्या. "पण मला हात लावू देतील तर शपथ!" बोलताना त्यांना कौतुकाचं भरतं आलं. काका शर्टाची कड दातात कशी धरतात, अंगठ्याने बटण काजात कसं ढकलतात, निसटलं की पुन्हा पहिल्यापासून कसं सुरू करतात, सगळं त्यांनी साभिनय करून दाखवलं. दिग्दर्शकाचा चहा कपातच निवला. पुढच्या आठवड्यात तो प्रवेश नाटकात होता, आणि काकांना याचा पत्ताही नव्हता.

"मावशी, आता तुम्हीच काहीतरी करा," दिग्दर्शक विंगेत येऊन म्हणाला.

करायचं काय ते मावशींना ठाऊक होतं. दोन प्रवेशांच्या मध्ये नटाला अंधारात कपडे बदलावे लागतात, तेव्हा खऱ्या बटणांशी खेळत बसायला वेळ कुणाला असतो? त्यांनी शर्टाची काजं शिवून बंद केली, वर नुसती शोभेची बटणं टाकली आणि आतून टिचबटणं बसवली. अंगठ्याने दाबलं की लागलं. आता हिरोने हवं तेवढं दुःख करावं, बटण वेळेवर लागणार. पुढच्या तालमीला दिग्दर्शकाने चष्मा काढून डोळे पुसले. मावशींना मात्र आपण घरातली वस्तू चोरून बाजारात मांडल्यासारखं वाटत राहिलं.

त्यातून काकांनी हट्ट धरला. "पहिला प्रयोग दुपारचा आहे ना? मग मी येणार."

"कशाला? खुर्च्या टोचतात तिथल्या."

"टोचू देत."

"नाटक रडकं आहे हो."

"मग तर येतोच. तू शिवलेले कपडे बघेन, रडायचं काम इतर लोक करतील."

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मावशी नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातातल्या कपातला चहा गार होत होता. समोर काका पलंगाच्या कडेवर बसून शर्टाशी झगडत होते. कड दातात. अंगठा काजाशी. बटण अर्धं आत गेलं आणि बाहेर आलं. काकांनी नाकातून श्वास सोडला आणि पुन्हा सुरुवात केली. आजारपणाच्या सुरुवातीला ते एकदा म्हणाले होते, "मी करतो, तू मध्ये येऊ नकोस." तेव्हापासून मावशी मध्ये आल्या नव्हत्या. नुसत्या बघायच्या, आणि दर वेळी त्यांचे डोळे भरून यायचे. असा माणूस आपल्या वाट्याला आला या अभिमानावर त्यांचा दिवस निघायचा. शेवटचं बटण लागलं. डाव्या हाताची बाही मात्र उघडीच लोंबत राहिली, कारण त्या मनगटाचं बटण लावणार कोण? उजव्या हातात जीवच नव्हता. "हवा लागते," असं म्हणून काका ती तशीच ठेवत आणि कोपऱ्यावरच्या बाकाकडे जात. तिथे त्यांचे जुने सोबती वर्तमानपत्र उघडून बसलेले असत. हा माणूस आज दुपारी स्वतःलाच रंगमंचावर बघणार होता.

प्रयोग रंगला. तो प्रवेश आला तेव्हा मावशी पडद्याच्या फटीला डोळा लावून उभ्या होत्या. काका तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. दिवे मंद झाले, व्हायोलिन सुरू झालं आणि थांबलं. हिरोने शर्टाची कड दातात धरली. छताकडे पाहिलं. प्रेक्षागृहात कुणीतरी हुंदका दिला. हिरोचा अंगठा थरथरत बटणापाशी गेला, एकदा घसरला, दुसऱ्यांदा घसरला, आणि मग त्या शांततेत बारीकसा आवाज झाला. टच.

काका खदखदून हसले.

लोकांनी वळून पाहिलं. एक बाई "शू!" म्हणाल्या. काकांनी चांगला हात तोंडावर दाबून धरला, तरी त्यांचे खांदे हलतच होते. हिरो बिचारा गांगरला, त्याने आणखी दुःख केलं. टच. काकांनी मान खाली घातली आणि रुमाल शोधला. हा माणूस अपमान गिळायला हसतोय, अशी त्यांची खात्रीच झाली.

प्रयोग संपल्यावर त्या सुई-दोरा कमरेला तसाच ठेवून बाहेर धावल्या. काका पायऱ्यांपाशी भिंतीला टेकून उभे होते.

"मीच सांगितलं हो त्याला," मावशी एका दमात म्हणाल्या. "चहाच्या वेळी. मला काय ठाऊक, तो नाटकात घालेल! तुमचं घरातलं, खाजगी, आणि मी..."

"ते कळलं मला. कड दातात धरतो ना, तिथेच ओळखलं. छताकडे बघतो ते मात्र माझं नाही. छताकडे बघून बटण लागतं का कधी?"

"राग नाही आला?"

"आला तर! चांगलाच आलाय." काकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "त्याला टिचबटणं, आणि मला खरी?"

"तुम्हीच म्हणाला होतात... मध्ये येऊ नकोस म्हणून."

"अगं, ते तेव्हा! तेव्हा वाटत होतं, हात परत येईल. नाही आला. मग सांगणार होतो तुला. पण तू रोज दारात उभी. डोळ्यांत पाणी, हातात चहा. म्हटलं, ही एवढ्या कौतुकाने बघतेय, हिला 'लाव गं तूच' कसं म्हणायचं? मग लावत बसायचो. मी खाली पोचेपर्यंत बाकावरचे ते लोक पेपरातलं शब्दकोडं संपवून मोकळे. दोन वर्षांत एक आडवा शब्द आला नाही माझ्या वाट्याला!"

मावशींना हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. परक्या माणसांची बटणं सोपी करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आपल्या माणसाला त्यांनी रोज सकाळी घाम गाळायला लावला होता. का, तर बघायला बरं वाटायचं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. त्याने काकांचा चांगला हात दोन्ही हातांत घेतला. "काका, आमचा नायक म्हणजे तुम्ही आहात," तो म्हणाला.

"असेन बुवा," काका म्हणाले. तो गेल्यावर मावशींकडे वळून म्हणाले, "चल, नायकाला भूक लागलीय."

त्या संध्याकाळी मावशींनी कपाटातले सगळे शर्ट बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहाचा कप घेऊन सवयीने दारात आल्या, तोवर आतून आवाज आले. टच. टच. टच. चहा गरमच होता आणि काका तयार होऊन उभे होते. कौतुकाने बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मावशींना क्षणभर चुकल्यासारखं झालं. काका गुणगुणत त्यांच्यापर्यंत आले आणि डावा हात पुढे केला. उघडी बाही लोंबत होती.

"हो की, ही राहिलीच," मावशी म्हणाल्या. "इथेही टिचबटण बसवते. टेबलाच्या कडेवर दाबलंत की लागेल."

"नको. हे खरंच असू दे," काका म्हणाले. "हे तू लावायचं."

मावशींनी कप खाली ठेवला. अंधारात, धावत्या नटाच्या अंगावर सराईतपणे चालणारी त्यांची बोटं आज ऐकेनात. बटण अर्धं काजात गेलं आणि निसटलं.

"आटप लवकर, कोडं संपेल," काका म्हणाले, आणि हात तसाच पुढे धरून उभे राहिले.