जंतू जिवंतच राहिले

हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेत मार्लीन बुद्रो अकरा वर्षं एकाच प्रथिनाच्या मागे लागली होती. पोटातले जंतू ते प्रथिन जठराच्या पेशींत सोडत आणि तिथे सूज धरे. ते अडवायला केलेली सहा औषधं फुकट गेली होती. आज सातवं औषध दिलेल्या उंदरांच्या जठराचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघताना तिचा सहकारी कॉलिन ओरडला, "अगं, सूज निम्म्याने उतरलीय! जंतू मात्र जिवंतच आहेत."

"राहू देत. छळत नाहीत ना? मग झालं."

"जरा खूश तरी हो की, बाई!"

"होईन रे, पण आज अंगात त्राणच नाही. उद्या नव्या उंदरांवर पुन्हा करून बघू," म्हणत मार्लीन स्टुलावर मटकन बसली.