चौथ्या दिवसाचं काय?

काचेच्या पेटीचं कुलूप निघालं आणि सभागृहातल्या दोनशे माणसांनी तोंडात बोटं घातली. तीन दिवस पेटीत दाणा नाही, पाण्याचा थेंब नाही, तरी कोंबडीची पन्नासच्या पन्नास पिल्लं जिवंत! किल्ली तीन दिवस म्हाताऱ्या हेडमास्तरांच्या गळ्यात होती आणि ते झोपेतसुद्धा खोटं बोलणारे नव्हेत.

"अन्न ही सवय आहे! पोट हा भ्रम आहे!" फुंकरबाबा गरजला. त्याचं स्वतःचं पोट भ्रम म्हणावं इतकं लहान नव्हतं. "यांना मी फक्त फुंकर पाजली. जन्माचे पहिले तीन दिवस जो उपाशी राहील, त्याला आजार शिवणार नाही. पिल्लू असो की माणसाचं लेकरू!"

लोक कुलूप तपासत होते, पेटीचा तळ ठोकून बघत होते. तिथे काही सापडणार नव्हतं. हातचलाखी नव्हतीच. अंडी उबवण्याच्या केंद्रात मी एकोणीस वर्षं काम करते आणि ती पिल्लं मालकांच्या सांगण्यावरून मीच बाबाला दिली होती. आमची पिल्लं खोक्यात बसून दोन-दोन दिवस प्रवास करतात, तीही दाण्यावाचूनच.

आदल्या वर्षीही मला हे ठाऊक होतं. बाबाच्या शब्दावरून आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या नातीला जन्मल्यापासून उपाशी ठेवलं होतं. दोन दिवस तिचं रडणं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी थांबलं. "बघा, कशी शांत झाली," बायका म्हणाल्या. भुकेलं पिल्लू आधी कलकलाट करतं आणि मग गप्प होतं, हे माझ्याइतकं कोणाला कळत होतं? पण मी मूग गिळून बसले. चौथ्या दिवशी ती गेली. बाबा म्हणाला, आईचं पाप. तेव्हापासून ती शांतता माझ्या घरात राहायला आली आहे. केंद्रातल्या हजारो पिल्लांच्या चिवचिवाटातही ती मला ऐकू येते.

आणि आता, आदल्या संध्याकाळी माझ्या ताईला नातू झाला होता. त्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा बाळ रडत होतं आणि सून भिंतीकडे तोंड करून बसली होती, दुधाने झंपर ओला.

"ताई, पाजू दे गं तिला."

"तीन दिवस नाही. पहिलं पिवळं दूध नासकं असतं, बाबांनी सांगितलंय. आणि पिल्लं जगतात ना? मग माझा नातू का नाही जगणार?"

तीच ताई आता पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. केंद्रातून आणलेला डबा घेऊन मी व्यासपीठावर चढले आणि त्यातलं एक पिल्लू तळहातावर घेतलं.

"हेडमास्तर, हे पिल्लू बघा. पेटीतल्या पिल्लांसोबतच जन्मलेलं. याला आम्ही पहिल्याच दिवशी दाणा-पाणी दिलं." मग पेटीतलं एक पिल्लू मी दुसऱ्या तळहातावर ठेवलं. माझं पिल्लू दीडपट भरलेलं, पंखांवर पिसं फुटू लागलेली. बाबाचं डोळे मिटून डुगडुगत होतं.

मग डब्यातून सकाळी जन्मताच मेलेलं एक पिल्लू काढलं आणि कात्रीने त्याचं पोट उघडलं. आत बोराएवढा पिवळा गोळा. "हा अंड्यातला बलक. बाहेर येण्याआधी पिल्लू तो पोटात ओढून घेतं. दोन-तीन दिवसांची शिदोरी आहे ही. तेवढ्यावर पिल्लू तगतं, पण वाढत नाही."

"तो बलक मीच फुंकरीने भरलाय!" बाबा ओरडला.

"मग पेटी नेहमी तिसऱ्याच दिवशी का उघडता? चौथ्या दिवसाचं काय, बाबा?"

बाबाने शिष्याकडे पाणी मागितलं.

"मागच्या वेळी पेटीतून प्रसाद म्हणून मला दिलेलं पिल्लू दोन दिवसांत मेलं," मागून कोणी म्हणालं. "माझंही," दुसरी बाई उठली. "तुमच्या घरात दोष आहे म्हणाले होते."

मी ताईपुढे जाऊन बसले. "माणसाच्या बाळाच्या पोटात बलक नसतो गं. त्याची शिदोरी आईच्या छातीत असते. तीही पिवळीच असते."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, तो दुपारपासून रडलेला नाही."

आम्ही धावत सुटलो. घरात ती शांतता माझ्याआधी पोचली होती. सुनेने बाळाला छातीशी धरलं, पण त्याने तोंड उघडलं नाही. तिने त्याच्या ओठांवर एक थेंब पिळला, मग दुसरा. तिसऱ्या थेंबाला जीभ हलली. डॉक्टरीणबाई येईपर्यंत ते चुटुचुटु पीत होतं आणि ताई भिंतीला डोकं टेकून रडत होती.

बाळ आता रांगतं. बाबा निघून गेला, पण काचेच्या पेट्या कुठेही मिळतात. म्हणून सांगते, कुलूप जरूर तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका. चमत्कार संपला की दुसऱ्या दिवशी तिथे परत जाऊन बघा. आणि ठाऊक असेल ते वेळेवर बोला.

परवा शिंप्याच्या सुनेने, त्या गेलेल्या मुलीच्या आईने, मला दारातच अडवलं. "मावशी, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

मी हो म्हणाले.