चाळलेली माती

मेहुणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, अशी ते स्वतःची समजूत घालत. खरं तर राहून गेलेलं काही नव्हतं, त्यांनीच ते लांबवलं होतं. पत्र चार ओळींचं. ‘भावोजी, माझ्याकडचं झाड गेलं. ताईच्या झाडाची एक फांदी मिळाली तर पुन्हा लावीन म्हणते. हल्ली किती पानं आहेत त्याला? पुढच्या महिन्याच्या अखेरीस त्या बाजूला येणार आहे, तुमचं कळलं की उतरायचं ठरवते.’ तो पुढचा महिना आता उजाडून निम्मा संपला होता.

झाड म्हणजे मॉन्स्टेरा, भोकाभोकांच्या मोठ्या पानांचा, काठीला धरून वर चढलेला. दोघी बहिणींनी एकाच झाडाच्या दोन फांद्या आणून आपापल्या घरी लावल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा त्याला अकरा पानं होती. पत्र आलं त्या दिवशी नऊ होती, आणि त्यांतलं एक कडेला पिवळं. नऊ असं लिहायला त्यांचा हात धजेना. ताईच्या माघारी भावोजींनी झाडाची हेळसांड केली, असं तिला वाटेल. आधी झाड ताळ्यावर आणू, अकरा पानं होऊ देत, मग ऐटीत कळवू, असं ठरलं. ठरवणारे ते एकटेच होते.

छापखान्यात त्यांनी अडतीस वर्षं मुद्रितं तपासली. तिथे सगळे त्यांना पाठीमागे खोडरबर म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. घरात तेच नाव लेकीनं उचललं, फक्त ती तोंडावर म्हणे. तर खोडरबर वाचनालयात गेले, बागकामाची तीन पुस्तकं घेऊन आले, आणि माती बदलायची ठरवून कुंडी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांवर उपडी केली.

आतून निघालं ते पाहून त्यांना धक्काच बसला. बायकोसारख्या टापटिपीच्या बाईनं असलं काही कुंडीत भरावं? नारळाच्या सोडणाचे तुकडे, सालपटं, कोळशाचे खडे, पांढऱ्या दाण्यांसारखं काहीतरी. माती अशी नावालाच. अडतीस वर्षांची सवय. जिथे जे नको ते काढायचं. त्यांनी एकेक सालपट वेचून केराच्या डब्यात टाकलं. पहिल्या पुस्तकात माती, शेणखत आणि वाळू समभाग सांगितले होते. ते सगळं त्यांनी पिठाच्या चाळणीनं चाळलं, एकदा नव्हे, दोनदा. मैद्यासारखी मऊ माती कुंडीत भरताना त्यांना अगदी निर्दोष पान हातावेगळं केल्यासारखं वाटलं.

आठवड्यात दोन पानं पिवळी पडली. मग दुसऱ्या पुस्तकानं वाळू कमी सांगितली, म्हणून पुन्हा कुंडी उपडी. तिसऱ्यानं खत जास्त सांगितलं, म्हणून पुन्हा. मधल्या दिवसांत ते सकाळ-संध्याकाळ बोट मातीत खुपसून बघत, वर्तमानपत्र घेऊन बसत, दुसऱ्या ओळीवर उठत आणि पुन्हा खिडकीशी जात. लेक कामावरून येऊन चप्पल काढता काढता म्हणे, की बाबा, कुंडी आहे ती, प्रूफ नव्हे, दर खेपेला नवी दुरुस्ती कशाला. मावशीला निदान दोन ओळी खरडून टाका, असंही ती म्हणे. टाकतो, ते म्हणत. खण उघडून कागद काढत. ‘झाड ठीक आहे’ लिहून खोडत. ‘झाड जरा’ एवढंच लिहून थांबत.

तीनच पानं उरली तेव्हा ते एका सकाळी चहा अर्धा टाकून उठले, कुंडीतली मूठभर माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि दोन गल्ल्या पलीकडच्या नर्सरीत गेले.

नर्सरीच्या बाई रोपांना पाणी घालत होत्या. त्यांनी पिशवी सोडली, माती मुठीत दाबली आणि मूठ उघडली. तळहातावर घट्ट गोळा तसाच राहिला, बोटांच्या ठशांसकट.

“चाळलीत का काका?”

“दोनदा,” खोडरबर म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या घमेल्यातला ओंजळभर ऐवज उचलला, तसाच दाबला आणि सोडला. तो बोटांतून भुरभुरत खाली सांडला. सोडणाचे तुकडे, साली, कोळसा, पांढरे दाणे, थोडं खत.

“हे झाड रानात दुसऱ्या झाडांवर चढतं. मुळांना वारा लागतो. तुमच्या मातीत पाणी बसून राहतं, मुळं गुदमरतात. हे पांढरं म्हणजे पर्लाइट. कचरा वाटतो, पण त्यानंच आत जागा राहते.”

खोडरबर त्या घमेल्याकडे पाहत उभे राहिले. नेमकं हेच त्यांनी वेचून फेकलं होतं. आपण काय भरतोय ते बायकोला पक्कं कळत होतं, कळत नव्हतं ते त्यांना. केराचा डबा तर कधीच रिकामा झाला होता. त्यांना तिथे उभं राहवेना आणि निघवेनाही.

बाईंनी पुढचं सगळं सावकाश सांगितलं. कुजलेलं सगळं कापायचं, घट्ट हिरवा भाग ठेवायचा, पेरावर बाहेर आलेलं एखादं मूळ असेल तर उत्तम. या मिश्रणात लावायचं, पाणी बेतानं.

“जगेल का?” त्यांनी विचारलं.

“सांगता येत नाही. पण रोज उकरून बघितलंत तर नक्की नाही.”

घरी येऊन त्यांनी कुंडी चौथ्यांदा उपडी केली. मुळं काळी पडली होती, हात लावताच सालीसकट सुटून येत होती. कापत कापत ते वर सरकले, तेव्हा वीतभर खोड, दोन पानं आणि पेरावरचं बोटभर मूळ एवढंच हाताशी राहिलं. ते लावलं. पाणी घातलं. लगेच बोट पुढे गेलं.

“खोडरबर,” सुट्टी म्हणून घरी असलेली लेक मागून म्हणाली, “हात खिशात.”

त्यांनी हात खिशात घातले. मग बाहेर काढले, कारण खण उघडायचा होता. महिन्याभरात मुळं धरतात की नाही ते कळेल, तोपर्यंत थांबून उत्तर लिहावं, हा विचार आलाच. तोवर मेहुणी येऊन परतली असती. त्यांनी कागद पुढ्यात ओढला.

‘अकरा होती. तुझं पत्र आलं तेव्हा नऊ होती. आज दोन आहेत, आणि ती राहतील की नाही माहीत नाही. ताईनं भरलेलं मिश्रण कचरा समजून मी फेकून दिलं. झाडाची हेळसांड झाली नाही, उलट फार झाली. तुला देण्याजोगी फांदी माझ्याकडे नाही. तरी उतर. ती कशात काय मिसळायची ते तुला ठाऊक असेल, मला कधी विचारायचं सुचलं नाही.’

‘फार झाली’वर पेन थांबलं. इथे ‘काळजी’ राहून गेली, वाक्य लंगडतं, हे त्यांना दिसत होतं. ते तसंच ठेवून त्यांनी घडी घालून कागद पाकिटात सरकवला. लेक म्हणाली, संध्याकाळी मी बाहेर जाताना टाकते. नको, ते म्हणाले, आणि चपला उलटसुलट पायांत सरकवून जिना उतरले. कोपऱ्यावरच्या पेटीशी पोचेपर्यंत दम लागला होता. पाकीट फटीत घातल्यावर क्षणभर त्यांची बोटं त्याच्या कडेला धरून राहिली. मग सुटली.