बिनरंगी शाई

मैत्रीने शिक्का बिनरंगी शाईत बुडवून कार्डाच्या माथ्यावर दाबला आणि उचलला. कार्डावर काहीच दिसेना. तिने पारदर्शक पावडर भुरभुरली, जास्तीची झटकली आणि वर हीट गन धरली. पावडर वितळली, पिंपळपान फुगून वर आलं. पण कार्ड उजेडात तिरपं धरलं तरच ते दिसत होतं.

"हे बरं आहे," समाधानराव म्हणाले. "आहेही आणि डोळ्यांत खुपतही नाही."

"कुणाच्या डोळ्यांत, बाबा?"

समाधानराव खिडकीशी गेले. सर्जेराव लग्नाचं कार्ड पसंत करायला धायरीहून निघाले होते. त्यांचा मुलगा साईनाथ मैत्रीच्याच कंपनीत होता, सध्या अमेरिकेत ऑनसाइट. बौद्ध सून करून घ्यायला सर्जेरावांनी मोठ्या मुश्किलीने होकार दिला होता आणि तो कधी फिरेल याचा नेम नव्हता. लग्न मैत्रीलाही हवंच होतं. पण पान निळं हवं, यावर ती अडून बसली होती. बाबांच्या कचेरीतल्या स्टॅम्प पॅडची निळी शाई लगेच वाळली, तिच्यावर पावडर धरेचना, तेव्हा बाबांना कोण आनंद झाला! मग तिने अप्पा बळवंत चौक पालथा घालून सावकाश वाळणारी निळी शाई आणली. ती डबी टेबलावरच होती आणि बाबा तिच्याकडे बघायचं टाळत होते. साहेबालाही खणखणीत जयभीम घालणारा हा माणूस! मैत्रीला त्यांचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं.

सर्जेराव आले. चहा आला. त्यांनी कार्डावरून अंगठा फिरवला.

"हे काय लागतंय हाताला?"

"पिंपळपान," मैत्री म्हणाली. "बोधिवृक्षाचं. आमच्याकडे कार्डावर असतं."

सर्जेरावांनी कार्ड तिरपं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"झ्याक हाय! तुमचंबी राहिलं, आमचंबी. कुणाला कळायचंसुदिक न्हाई."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. ते मनापासून खूश झाले होते.

समाधानरावांनी त्यांच्या हातातून कार्ड हळूच काढून घेतलं. बराच वेळ ते त्या कोऱ्या माथ्याकडे बघत राहिले.

"मैत्री, निळी घे."

"अहो, आता हे चांगलं झालंय की," सर्जेराव म्हणाले.

"तो नमुना होता. आपण चहा घ्या, निवतोय."

"मला भावकीत वाटायची हायेत ही कार्डं."

"म्हणूनच."

सर्जेरावांनी कप खाली ठेवला. पण ते उठले नाहीत. मैत्रीने नवं कार्ड ओढलं. निळं पान नीट उमटलं, तिने त्यावर पावडर भुरभुरली. हीट गनच्या झोताने कार्ड सरकू लागलं, तसे समाधानराव पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या दोन्ही कडा बोटांनी दाबून धरल्या.

"बाबा, चटका बसेल."

"बसू दे."